पेपरच्या दिवसांतली इडली

बारावीचे पेपर सुरू झाले का मले कोनी सांगा लागत नाही. सकाळी दहाच्या टायमाले आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोट्ट्या दिसाले लागतात, हातात पॅड, केसाले चोपून तेल, अन् मांगून त्याईची माय पान्याची बाटली घेऊन. अकोल्याचं ऊन तवर चांगलं चटकाले लागलं राहते. कूलर अजून गच्चीवरच राहते, त्यात नवा वाळा भराचा राहते. अन् मी गॅसपाशी उभी राहून उगंच घड्याळ पाहत राहते. आता घंटा झाली असन. आता पेपर वाटले असतीन. आता नंबर टाकून राहिल्या असतीन पोरी. दोन वाजेपर्यंत माह्या हाताले काही सुधरत नाही. दूध उतू जाते, पोळी करपते, अन् आरू म्हनते, मम्मी, तू कोनाले पाहून राहिली खिडकीतून?

आरू माही पोरगी. पाच वर्षांची होईन आता. काल तिले डोसा पाहिजे होता. मी घरीच करून देते म्हटलं. तं तिनं तोंड वाकडं केलं, "घरचा नको, थ्या हॉटेलातला, ज्याच्यासमोर तू रस्ता बदलते." लेकरं काय काय पाहून ठेवतात.

मी खरंच रस्ता बदलते. चार वर्षं झाले.

माहं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. अकरावी झाली, बारावीचं अर्ध वर्ष झालं, अन् अकोल्याचं स्थळ आलं. पोरगा दालमिलमध्ये कामाले, व्यसन नाही, घरी एकटी सासू. माह्या बाबानं म्हटलं, असं स्थळ पुन्हा येत नाही. लग्नाचा बस्ता फाडाले आमी अमरावतीले गेलो, दोन्हीकडचे मिळून दहा-बारा जन, अन् साड्या घेऊन घेऊन थकल्यावर सगळे एका हॉटेलात घुसलो. तिथं मी पहिल्यांदा डोसा पाह्यला. एवढा लांब, दोन्हीकडून ताटाच्या बाहेर. नवरी म्हनून सगळे माह्याकडे पाहत होते, अन् मी हातानं तोडू का काट्यानं या विचारातच थो थंडा करून टाकला. दोन घास खाल्ले असतीन. तवा समोर बसलेली माही होनारी सासू, जिले मी मामीजी म्हनते, तिनं आपल्या पदरानं हात पुसला अन् विचारलं, "शाळा कितवी झाली तुही?"

म्हटलं, "बारावी सुरू हाय."

"सुरू हाय तं बंद काहून पाडता?" तिनं सगळ्याईकडे पाहून म्हटलं. सगळे हासले. कोनाले वाटलं गंमत करते. पन तिनं गंमत नव्हती केली.

मामीजीले वाचता येत नाही. बसची पाटी बी दुसऱ्याले विचारून घेते. लग्न झालं, वर्षाच्या आत दिवस राह्यले, आरू झाली, मी शाळेचं विसरूनच गेली. मामीजी नाही विसरली. राशनच्या दुकानात कोनाले तरी विचारून आली का सतरा नंबरचा फॉर्म भरला का घरी बसून अभ्यास करून बी परीक्षा देता येते. मले म्हने, "माह्या घरी आली अन् पोरीची शाळा सुटली, असं माह्या नावावर नको लागाले." फॉर्म भरला. पुस्तकं आनली. मी आरूले पाजता पाजता वाचो. एक पान वाचो तवर डोळा लागे.

पेपर सुरू झाले तवा आरू नऊ महिन्यांची. अंगावरच पेत होती. मामीजीनं सगळं ठरवून टाकलं होतं. "मी पोरगी घेऊन फाटकाबाहेर बसते. तू मधात बस. तीन घंट्याचा तं सवाल हाय."

पहिला पेपर इंग्रजीचा. मी वर्गात बसली. माह्या आजूबाजूले सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, युनिफॉर्म घातलेल्या, अन् मी साडीत. अर्धा घंटा बरा गेला. दोन प्रश्न मले येत होते, खरंच येत होते, मी लिहून बी राहिली होती. मंग बाहेर कुठंतरी एक लेकरू रडलं. आरू नव्हती थे, मले आवाज कळते तिचा. पन अंगाले काय कळते? दूध सुटलं. ब्लाऊज भिजलं, पदर भिजला, मी पॅड छातीशी धरून बसली, अन् वर्गावरचे सर आले, "काय झालं? पॅड खाली ठेवा. काही लपवलंय का?" सगळ्या पोरी मांग वळून पाहाले लागल्या. मी पॅड खाली ठेवला. सरनं पाह्यलं, अन् बिचाऱ्यानं टाकोटाक मान फिरवली. त्याईची काही चुकी नव्हती. पन त्यानंतर मले कागदावरचं एक अक्षर दिसलं नाही. बाहेर सोडतात थो टाइम झाला तशी मी पेपर देऊन उठली.

समोरच्या फाटकाबाहेर मामीजी. एवढ्या लवकर कशी जाऊ तिच्यासमोर? काय सांगू? सायकल स्टँडच्या मांगं एक लहान फाटक होतं. मी त्याच्यातून निंघाली. मांगच्या गल्लीत थे हॉटेल. पाटीवर काय नाव होतं कोनाले ठाऊक, सगळे अण्णाचं हॉटेल म्हनत. दारातूनच मोहरी अन् गोडनिंबाच्या फोडनीचा वास आला. मधात कूलर सुरू. मले फक्त बसाचं होतं, देवाशपथ, फक्त बसाचं होतं.

एक म्हातारे वाढनारे काका होते. पांढरी बनियन, खांद्यावर फडकं. त्याईनं माह्याकडे पाह्यलं अन् हिरव्या पार्टिशनमांगची, फॅमिलीची जागा दाखवली. "उधर बैठो बाई, उधर हवा बी हाय." अन् न मांगता पान्याचा गिलास आनून ठेवला. पानी पेऊन उठून जाईन असं वाटलं होतं. पन उठाचं कसं, काही मांगितल्याबिगर? म्हटलं, इडली द्या.

आता थ्या इडलीचं मी कसं सांगू? वाफ निंघून राहिली होती. दोन इडल्या, सांभारात बुडवलेल्या, वरून शेवग्याची शेंग, भोपळ्याचा एक तुकडा, अन् बाजूले खोबऱ्याची चटनी, तिच्यावर मोहरी अजून तडतडून राहिल्यासारखी. मी चमचा लावला तशी इडली आपोआप उकलली. तोंडात टाकली अन् जीभ भाजली. जीभ भाजली, अन् मले रडू आलं. काहून का, नऊ महिन्यांत मी गरम असं काही खाल्लंच नव्हतं. लेकरू झाल्यापासून बाईचं जेवन कसं राहते थे ज्याले मालूम त्याले मालूम. ताट वाढलं का लेकरू उठते. मंग एका हातानं खा, उभ्यानं खा, वरनावर साय धरल्यावर खा. अन् इथं माहे दोन्ही हात मोकळे. मांडीवर कोनी नाही. समोर गरम वाटी. मी सांभार अजून मांगितलं. काकानं वाटी भरली. मी थे बी पेली, गटागट, ओठ जळेपर्यंत. चिंचेचा आंबटपना घशातून खाली जाये थो मले कळे.

अन् आंबटच तं मले मना होतं. मामीजीचा कायदा कडक. पाजनाऱ्या बाईनं आंबट खाचं नाही, आंबवलेलं खाचं नाही, चटनीतलं खोबरं थंडं, थे नाही. "तुह्या पोटात जाते थेच पोरीच्या पोटात जाते," थे म्हने. डिंकाचे लाडू, मेथ्या, वरन-भात, बस. माही माय बी हेच सांगे. मले हे सगळं पाठ होतं. इंग्रजीपेक्षा जास्त पाठ होतं. तरी मी वाटी पुसून खाल्ली.

दोन वाजता मी मांगच्या फाटकानं परत मधात आली अन् समोरच्या फाटकानं पोरींच्या गर्दीतून बाहेर निंघाली. मामीजी उभी होती, आरूले खांद्यावर घेऊन. तोंड लाल झालं होतं उन्हानं. "कसा गेला?"

"बरा गेला."

"मले मालूमच होतं," थे म्हने, अन् आरूले माह्या हातात देऊन माह्यावरूनच दोन्ही हात ओवाळून कडकड बोटं मोडली.

दुसऱ्या पेपरले मी जानार होती. सकाळी निंघताना पक्कं ठरवलं होतं. पन फाटकातून मधात गेली अन् थो बाक आठवला, थ्या वळलेल्या माना आठवल्या, अन् श्वासच पुरेना. घंटा व्हाच्या आधी मी सायकल स्टँडकडून बाहेर. काका म्हने, "आओ बाई." तिसऱ्या पेपरपासून तं मी वर्गाकडे पाह्यलं बी नाही. दोन बुडवून, एक सुकी, चटनी अलग. काकाले पाठ झालं होतं. एक दिवस कॉफी बी दिली त्याईनं, स्टीलच्या लहान गिलासात, गिलास वाटीत ठेवून. मी कधी पेली नव्हती. कडू लागली, अन् मंग गोड लागली. त्या पार्टिशनमांगं बसून मी भिताडावरचा कूलरच्या पान्याचा ओघळ पाहत राहो अन् मले वाटे, या तीन घंट्यात मले कोनी हाक नाही मारनार. सून नाही, माय नाही, परीक्षेचा नंबर नाही. एवढं सुख मले ना त्याच्या आधी भेटलं, ना त्याच्यानंतर. याचंच मले आज जास्त वाईट वाटते. दुःख झालं असतं तं सांगता तरी आलं असतं. पन मी खुश होती. फाटकाबाहेर म्हातारी बाई माहं लेकरू घेऊन बसली होती, अन् मी खुश होती.

पाचव्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी आरूले ताप भरला. मंग जुलाब. पान्यासारखे. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. मामीजीनं तळव्याले कांदा चोळला, दृष्ट काढली, तरी पोरगी मान टाकत होती. दवाखान्यात भरती करा लागलं. तेवढ्याशा हाताले सुई लावली, पट्टी बांधली, अन् नर्सनं मलेच धरून खाली बसवलं.

आरूचे पप्पा कामावरून तसेच पळत आले. अंगावर दाळीचा भुसा. आल्या आल्या त्याईनं आपल्या मायले धारेवर धरलं. "आई, तुले काही अक्कल? नऊ महिन्याचं लेकरू घेऊन तीन तीन घंटे उन्हात बसते?"

मामीजीनं मान खाली घातली. "चुकलं रे बावा. पदर होता डोक्यावर तिच्या. पन चुकलं."

अन् मी? मी तिथंच होती. दोन हातांवर. मले दिसून राहिलं होतं थे सांभार, थे चटनी, थे आंबट, माह्या अंगातून तिच्या अंगात गेलेलं. मी तोंड उघडलं बी होतं. पन आंबटाचं सांगाचं तं हॉटेलाचं सांगा लागन, अन् हॉटेलाचं सांगाचं तं पेपरचं. मी तोंड मिटून घेतलं. डॉक्टरनं म्हटलं, या दिवसांत होते असं, पानी उकळून पाजा. ना ऊन म्हटलं, ना आंबट. पन डॉक्टरच्या बोलन्यानं कोनाच्या मनातलं निंघते का?

दोन दिवसांनी आरू घरी आली. शेवटचा पेपर राह्यला होता. मले वाटलं, आता तरी सुटका होईन. पन मामीजी म्हने, "एवढे दिले, एकासाठी काहून सोडते?" आरूच्या पप्पानं सुट्टी टाकली, पोरगी घरी ठेवली. तरी मामीजी माह्यासंग आली. "फाटकापाशी कोनी आपलं पाहिजे." त्या दिवशी मी हॉटेलात गेली नाही. वर्गात बी गेली नाही. तीन घंटे सायकल स्टँडच्या टिनाखाली बसून राह्यली, उपाशी.

बाहेर आली तं मामीजी भल्ली खुश. "चाल, आज मी तुले डोसा खिलवते. मांगच्या गल्लीत हाय म्हने एक हॉटेल. लोकं सांगत होते फाटकापाशी." मी म्हटलं, नको, आरू घरी हाय, तुमीच म्हनता ना आंबट नको. "एक दिवसानं काय होते? बारावीचे पेपर का दररोज राहतात?" तिनं माहा हात धरून नेलं.

काकानं पाह्यलं अन् त्याईचं तोंड फुललं. "आज इतनी देर से, बाई? रोज तो ग्यारा बजेच आते." अन् मी काही म्हनाच्या आधी मधात आवाज टाकला, "दो डुबाके, एक सूखी, चटनी अलग!"

मामीजीले हिंदी चांगली समजते. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी टेबलाकडे. काका उभे होते, त्याईले वाटलं आता या बाईची ऑर्डर घ्यावी. मामीजी त्याईले म्हने, "मले बी थेच आना. हे खाते थेच."

डोसा राह्यलाच. आमी दोघी इडली खाल्ली. तिनं एक घास घेतला, थांबली, अन् म्हने, "आंबट हाय थोडं." एवढंच. पूर्न हॉटेलात, पूर्न रस्त्यानं, पूर्न घरापर्यंत एवढंच.

चार वर्षं मी थे एक वाक्य घेऊन फिरली. मले वाटलं, तिले सगळं कळलं. पेपरचं बी, आंबटाचं बी. अन् कळूनही थे पोराच्या, शेजारपाजाऱ्याच्या समोर म्हनत राह्यली, "मीच पोरीले उन्हात नेलं." मले वाटे मले झाकून राहिली. केवढं मन हाय बाईचं, मी म्हनो, अन् त्या मनाच्या आडोशाले आरामात राहो बी. निकाल लागला, मी नापास. आरूच्या पप्पानं म्हटलं, जाऊ दे, पोरगी सांभाळ. मामीजीनं काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी फॉर्म निंघाले, तिनं विषय काढला नाही. तिसऱ्या वर्षी बी नाही. मी समजली, तिचा माह्यावरचा जीव उठला. मी तिच्यासमोर खाली मान घालून काम करत राह्यली, अन् आरू जराशी खोकलली तरी रात्रंदिवस भीत राह्यली. अजून भीते. दहीसुद्धा देत नाही मी तिले.

मंग या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्याईची सून परीक्षेले बसून राहिली, तिचं बी लेकरू लहान. काकू म्हने, "मामी, तुमाले सवय हाय. लेकरू घेऊन फाटकाबाहेर बसाल का? माहे गुडघे बसू देत नाही."

मामीजी मेथी निवडून राहिली होती. तिचे हात थांबले. "नाही व बाई. मले नको सांगू. माह्या हातानं एक डाव लेकरू मरता मरता वाचलं. मी उन्हात नेलं होतं तिले." अन् तिनं पदर डोळ्याले लावला. खराखुरा लावला. काकूंसाठी नाही, मले झाकासाठी नाही. मी दारात उभी होती थे तिले मालूम बी नव्हतं.

म्हनजे हे खोटं बोलत नव्हती. चार वर्षं हे खरंच असं समजत होती.

काकू गेल्या. मी जाऊन तिच्यासमोर बसली. म्हटलं, "मामीजी, थे ऊन नव्हतं. मी आंबट खात होती. दर पेपरले. थ्या हॉटेलात बसून. मी पेपर दिलेच नाही, पहिला अर्धा सोडून एक बी नाही."

एका दमात बोलली, मांग श्वास बी राह्यला नाही. तिनं मेथीची काडी मोडली.

"पेपरचं मालूम हाय मले. थ्या बुढ्यानं सांगतलं ना त्याच दिवशी."

"मंग बोलल्या काहून नाही तुमी?"

"काय बोलू? मले वाटलं मीच तुह्या मांग लागली. हौस माही, अन् जीव तुहा. तुले नसन शिकाचं, अन् सासू म्हनून तुले नाही म्हनता आलं नसन. म्हनून मंग मी फॉर्मचं काढलंच नाही कधी."

"अन् आंबटाचं?"

"आंबटानं काय होते एवढ्याशा? ऊनच होतं थे." तिनं मले हात उडवला. "माह्या मांडीवर होती थे. तिचं डोकं तापलेलं माह्या हाताले लागत होतं. तिकडं झाड होतं, सावली होती. मी उठली नाही. मले वाटे, तू बाहेर येशीन, अन् मी फाटकासमोर नाही दिसली तं घाबरशीन. तू घाबरते ना लवकर."

मी बाहेर येनार कुठून होती? मी तं मांगच्या गल्लीत अजून एक वाटी सांभार मांगत होती.

आरू बाजूले येऊन मेथीचे देठ उचलून खेळाले लागली. मंग मामीजीनं माह्याकडे न पाहता विचारलं, "खरं सांगजो. हौस होती का नव्हती तुले? शिकाची?"

हे मले आजवर कोनीच विचारलं नव्हतं. ना बाबानं, ना आरूच्या पप्पानं, मीच मले विचारलं नव्हतं.

"होती," मी म्हटलं. "भीती लय होती, मामीजी. पन हौस होती."

मले वाटलं होतं तिले बरं वाटन. तिचा हात तसाच मेथीत राह्यला, अन् तोंड असं उतरलं का मले आपलं बोलनं परत घ्यावं वाटलं.

"मंग चार वर्षं गेली व पोरी," थे म्हने.